फडाच्या पाटाचा माग : पांझरेकाठच्या प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

कामाला आज सुरुवात केली. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी असलेल्या एका गावात फड पद्धतीचा जुना दगडी बंधारा आहे. त्यातून निघणाऱ्या पाटाचा इतिहास आणि आजची स्थिती एकत्र नोंदवावी, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या घराने कागद दाखवले त्या घराची तशी इच्छा आहे. मी इतिहास शिकवतो आणि माझ्या सहकारी बाई पर्यावरणशास्त्र शिकवतात. कागद मी वाचावेत आणि पाणी त्यांनी मोजावे, अशी वाटणी आम्ही पहिल्याच दिवशी करून टाकली. ती चुकीची होती हे फेब्रुवारीत कळले, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

ज्यांना हा परिसर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर गावांनी एकत्र येऊन बंधारे बांधले, त्यांतून पाट काढले आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड पाडले. एका फडात एकच पीक घ्यायचे, आलटून पालटून एक फड पड ठेवायचा आणि पाणी वाटण्याचे काम पाटकरी, बारेकरी व जागल्या यांच्याकडे सोपवायचे, ही त्या व्यवस्थेची चौकट होती. बंधारा, पाट, पाटातून फुटणाऱ्या चाऱ्या, शेतात पाणी नेणाऱ्या सारंगा आणि जादा पाणी नदीला परत देणारे सांडवे हे तिचे बांधकाम. आमच्या गावात आता पंच कमिटी नावापुरती उरली आहे, पण पाट वाहतो.

१९ नोव्हेंबर २०२४

एकेकाळी ज्या घराकडे पाटकरीपण होते, त्या घरी गेलो. घरातल्या नानांनी माळ्यावरून मोडी कागदांचे तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, काढून दिले. उत्साहाच्या भरात आम्ही तिन्ही रुमाल एकाच वेळी ओसरीवर सोडले, पाने पसरली आणि आकाराप्रमाणे चळती लावल्या. संध्याकाळी ते परत बांधताना लक्षात आले की कोणते पान कोणत्या रुमालातले आणि कोणानंतर कोणते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. एका वर्षाचे हिशोब एका जुडीत दोऱ्याने ओवलेले होते. काही दोरे कुजलेले असल्याने आमच्या हातात तुटले.

या प्रकल्पातली सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती दुरुस्त होण्यासारखी नाही. पुढच्यांना माझे एवढेच सांगणे आहे की एक रुमाल सोडायचा, प्रत्येक पान उचलण्याआधी जुडीचा फोटो काढायचा, पानाला हात न लावता शेजारी क्रमांकाची चिठ्ठी ठेवायची आणि तो रुमाल बांधून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. आम्ही नंतर ओवणीच्या छिद्रांच्या जागा जुळवून सुमारे निम्म्या पानांचा क्रम परत लावला. त्यात सहा दिवस गेले.

४ डिसेंबर २०२४

छायाचित्रे काढून पूर्ण झाली, असे वाटले होते. २१४ पाने मोबाईलवर टिपली. घरी येऊन पाहतो तर जवळजवळ चाळीस फोटोंत फ्लॅशचा पांढरा डाग अक्षरांवरच पडला होता, मोजपट्टी कोठेच ठेवलेली नव्हती आणि पानांच्या मागच्या बाजू आम्ही घेतल्याच नव्हत्या. मोडी कागदाच्या पाठीवर काय असणार, असे मी सहकारी बाईंना म्हणालो होतो. पाठीवर बहुधा तारीख, पावतीचा शेरा किंवा कागद कशाबद्दल आहे याची एक ओळ असते, हे मला ठाऊक असायला हवे होते.

दोन दिवे दोन्ही बाजूंनी तिरके लावून, फोन स्टॅंडला अडकवून, प्रत्येक फोटोत पट्टी आणि क्रमांक ठेवून सगळे काम पुन्हा केले. दोन रविवार लागले. स्टॅंड आणि दिव्यांना २,४०० रुपये पडले. काही पानांना घरातल्या कोणीतरी पूर्वी चिकटपट्टी लावली होती. ती ओढून काढायचा मोह झाला, पण पट्टीबरोबर शाईचा थर निघतो हे एका कोपऱ्यावर पाहिले आणि थांबलो. ती पाने तशीच ठेवली आहेत.

११ डिसेंबर २०२४

सरकारी जुन्या नोंदी शोधण्यात दिवस वाया गेला. मी 'धुळे जिल्हा' या नावाखाली याद्या चाळत होतो. खानदेश हा एकच जिल्हा १९०६ पर्यंत होता, त्यानंतर पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यामुळे आपल्या भागाचे जुने कागद 'खानदेश' आणि त्यानंतरचे 'पश्चिम खानदेश' या नावांखाली लागलेले असतात. बागलाण आणि मालेगावकडच्या मोसम-आरम नद्यांवरचे बंधारे शोधणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे की नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला, त्याआधी तो मुलूख खानदेशातच मोडत होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतला खानदेशाचा खंड १८८० चा आहे आणि त्यात पांझरेवरच्या बंधाऱ्यांचा उल्लेख सापडतो, पण एका गावाच्या पाटाचे तपशील त्यात शोधू नयेत.

आणखी एक ठेच अशी की गावनकाशावरचे गट नंबर आणि जुन्या कागदातले सर्व्हे नंबर हे एकच समजून मी पूर्ण एक तक्ता बनवला. जमिनीच्या एकत्रीकरणानंतर नंबर बदलले आहेत. तक्ता फेकून दिला.

५ जानेवारी २०२५

गेला आठवडा एका पानावर गेला. बारेकऱ्यांना धान्यात द्यायच्या मोबदल्याचा हिशोब त्यात आहे. चार नावे, चार आकडे आणि शेवटी बेरीज. मी आकडे वाचले ते असे : ३, ४, २, ५. बेरीज १४ यायला हवी होती, कागदावर मात्र १५ दिसत होते. लिहिणाऱ्याची बेरीज चुकली, असा शेरा मी मसुद्यात लिहूनही टाकला आणि त्यावरून त्या काळच्या हिशोबाच्या ढिलाईबद्दल एक परिच्छेद रचला.

आमच्या वाचनाला मदत करणाऱ्या मोडीच्या जाणकारांनी पान पाहताक्षणी बोट ठेवले. आकड्यांच्या पुढे ज्या उभ्या रेघा होत्या, त्या मी वाक्य संपल्याच्या खुणा समजून सोडून दिल्या होत्या. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. कागदावर ३।, ४॥।, २॥ आणि ५ असे आकडे होते, म्हणजे सव्वातीन, पावणेपाच, अडीच आणि पाच मण. बेरीज १५॥, साडेपंधरा. हिशोब दाण्यापर्यंत बरोबर होता. लिहिणाऱ्यावर ठेवलेला ठपका मी खोडला, आणि तो परिच्छेद छापायला गेला असता तर त्या माणसावर केवढा अन्याय झाला असता या विचाराने मला दिवसभर बेचैन केले. त्यानंतर मी आधीची एकोणचाळीस पाने रेघांसाठी पुन्हा तपासली. सात ठिकाणी हीच चूक सापडली.

१८ जानेवारी २०२५

बंधाऱ्याच्या दुरुस्तीचे एक महत्त्वाचे पान सापडले. त्यात पाटावर तीन सांडवे असल्याचे आणि पहिल्या व दुसऱ्या चारीच्या मधला सांडवा पडल्याने तो नव्याने बांधल्याचे लिहिले आहे. आज पाटावर दोनच सांडवे आहेत. तिसरा कोठे गेला, हा प्रश्न आजपासून सगळ्या कामाच्या मध्यभागी आला.

आधी तारखेचे सांगतो, कारण तेथेही मी चुकलो. पानावर फक्त 'सन ११८१' आहे. मी ते महसुली कामात चालणारा फसली सन समजलो आणि ५९० मिळवून १७७१-७२ असे ठरवले. पण डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा काढलेल्या फोटोंत त्याच पानाच्या पाठीवर 'शके १७०२ शार्वरीनाम संवत्सरे' असे स्पष्ट होते. शके १७०२ म्हणजे इ. स. १७८०-८१. त्याच हाताच्या दुसऱ्या पानावर वर्ष अरबी शब्दांत दिले आहे : इहिदे समानीन मया व अलफ. एक, ऐंशी, शंभर आणि हजार, म्हणजे ११८१ च. हे सुहूर सन आहे. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवायचे असतात. फसली आणि सुहूर दोन्हींचे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते आणि दोहोंत नऊ वर्षांचे अंतर पडते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून कोणता सन हे सांगता येत नाही. शके किंवा संवत्सराचे नाव मिळेपर्यंत वर्ष पेन्सिलीनेच लिहावे. पाठ न टिपण्याच्या चुकीने नऊ वर्षांची चूक जवळजवळ पक्की केली होती.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांच्या मागे शहरात उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ आजही जुने कागद सांभाळत आहे. धुळ्यात राहून मी हे शिकायला इतकी वर्षे लावली, याचे वाईट वाटते.

२ फेब्रुवारी २०२५

पाटाचा उतार काढण्याचा पहिला प्रयत्न सपशेल फसला. तिसरा सांडवा कोठे असू शकतो हे पाहायचे तर पाटाचा तळ आणि काठ किती उंचीवर आहेत हे कळले पाहिजे. मोबाईलच्या नकाशावर जी उंची दिसते ती दर शंभर मीटरला आम्ही लिहून घेतली. आलेख काढला तर पाणी दोन ठिकाणी चढावर वाहत होते. पाटाला एक किलोमीटरला मीटरभर उतार असला तरी पुष्कळ. त्या मानाने फोनच्या उंचीतली चूक कित्येक मीटरची असते. दिवस वाया गेला, शिकण्यासारखे काही मिळाले नाही.

याच दिवशी आमची कामाची वाटणीही मोडली. सहकारी बाई पाटावर उभ्या राहून विचारत होत्या की कागदात चारीबद्दल नेमके काय शब्द आहेत, आणि मी दीड तास दूर धुळ्यात होतो. त्यानंतर दोघांनी प्रत्येक वेळी बरोबर जायचे ठरवले.

१६ फेब्रुवारी २०२५

गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घेतली. ३० मीटर लांब, दोन टोकांना दोन माणसे, हातात खुणा केलेल्या काठ्या. नळी आणि काठ्या मिळून १,१५० रुपये. बंधाऱ्यापासून शेवटच्या चारीपर्यंत २,६४० मीटर अंतर भरले. तीस मीटरचे ८८ टप्पे.

मागच्या रविवारी, ९ तारखेला, जाताना एकूण उतार ३ मीटर २ सेंमी आला आणि परत येताना २ मीटर १९ सेंमी. ८३ सेंमीचा फरक म्हणजे मोजणी रद्द. कारण शोधायला दोन तास लागले. नळीत हवेचे बुडबुडे होते, पाणी रंगहीन असल्याने ते दिसत नव्हते, आणि बाभळीच्या खोडाला वळसा घेताना नळी एकदा चेपली होती. आज नळीत निळ घातलेले पाणी भरले, प्रत्येक दहा टप्प्यांनंतर दोन्ही टोके शेजारी धरून पातळी एकच येते का ते पाहिले आणि ऊन चढण्याआधी काम उरकले. जाताना २.३४, येताना २.२८. सरासरी २.३१ मीटर, म्हणजे हजार मीटरला सुमारे ८७ सेंमी. एवढ्या लांबीवर सहा सेंमीचा फरक आम्ही मान्य केला.

तळाबरोबर दोन्ही काठांच्या उंचीही टिपल्या. ४७ व्या टप्प्याशी, म्हणजे बंधाऱ्यापासून १,४१० मीटरवर, नदीकडचा काठ साधारण चार मीटर लांबीत ३८ सेंमीने खाली होता. वहीत मी 'काठ खचलेला' असे लिहिले आणि पुढे गेलो. आज कळते की तिसरा सांडवा त्याच क्षणी माझ्या हाताखाली होता. पण माझा सगळा शोध पहिल्या आणि दुसऱ्या चारीच्या मध्ये, ६०० ते ९०० मीटरच्या दरम्यान चालला होता, कारण कागदात तसे लिहिले होते.

१ मार्च २०२५

वरच्या धरणातून आवर्तन सुटले आणि पाट भरून आला. प्रवाह मोजण्यासाठी यंत्र भाड्याने घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून तरंगत्या वस्तूची साधी पद्धत वापरली. दहा मीटर सरळ पट्टा निवडायचा, वस्तू सोडायची, वेळ मोजायचा, पृष्ठभागावरचा वेग ०.८५ ने गुणायचा आणि पाण्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने पुन्हा गुणायचे. थर्माकोलचे तुकडे टाकून पाहिले, ते वाऱ्याने काठाला लागले. लिंबू बरे, कारण ते बरेचसे पाण्यात बुडून तरंगते आणि वाऱ्याला दाद देत नाही. डझनभर लिंबे लागतात, बरीचशी पुढे वाहून जातात.

मुखाशी छेद ०.४२ चौरस मीटर, दहा मीटरला सरासरी २९ सेकंद. हिशोब केला तर सेकंदाला १२३ लिटर. शेवटच्या चारीशी ६४ लिटर. जवळजवळ निम्मे पाणी वाटेत नाहीसे झाले असे दिसत होते. संध्याकाळी पारावर मी हा आकडा सांगितला आणि लगेच दोघांनी पाट सिमेंटचा करायला हवा असे बोलून दाखवले. आकडा इतक्या घाईने बाहेर बोलायला नको होता.

८ मार्च २०२५

मागच्या वेळच्या मोजणीत दोन चुका होत्या. पहिली अशी की दुपारी शेतीची वीज होती आणि पाटावर तीन मोटारी थेट पाणी ओढत होत्या. दुसरी चूक वेळेची. मुखाशी मोजलेले पाणी २,६४० मीटर खाली यायला, त्याच वेगाने, सुमारे अडीच तास लागतात. आम्ही मात्र चाळीस मिनिटांत दोन्ही टोके मोजली होती, म्हणजे वेगवेगळे पाणी मोजले होते.

आज रात्री वीज नसताना मोजले. टॉर्चच्या उजेडात लिंबू दिसत नाही, म्हणून त्यांवर चुना लावला. मुखाशी ११८, अडीच तासांनी शेवटी ८६ लिटर. घट २७ टक्के. मातीच्या पाटाला ही विशेष नाही, असे सहकारी बाईंचे मत आहे आणि ते मला पटते. दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन मी आधीचा आकडा चुकीचा होता हे सांगितले. सांगणे जड गेले, पण लोकांनी शांतपणे ऐकून घेतले.

२३ मार्च २०२५

मग ते २७ टक्के पाणी जाते कोठे? पाटाच्या खालच्या अंगाला चाळीस मीटरवर एक विहीर आहे आणि दुसरी सहाशे मीटर दूर. आवर्तन सुरू झाल्यापासून नऊ दिवस दोन्हींची पातळी दोरीला वजन बांधून मोजली. पहिले दोन दिवस आकडे वरखाली होत होते, कारण आम्ही सकाळी नऊला जात होतो आणि तोपर्यंत मोटार सुरू झालेली असे. पहाटे साडेपाचची वेळ ठरवल्यावर आकडे स्थिरावले. जवळच्या विहिरीत पाणी ४६ सेंमीने चढले, दूरच्या विहिरीत १२ सेंमीने उतरले.

एका आवर्तनावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. तरीही ज्याला आपण गळती म्हणतो तिच्यावर काही विहिरी जगत असाव्यात, हे मनात धरूनच सिमेंटचा विचार करावा असे मला वाटते. नाना म्हणाले की त्यांच्या वडिलांच्या वेळी पड ठेवलेल्या फडातल्या विहिरीलाही पाणी असे. त्यांचे हे बोलणे आता मी वेगळ्या कानाने ऐकतो.

बंधाऱ्यामागच्या गाळात खड्डा घेऊन पुरांचे थर मोजण्याचा एक प्रयत्नही याच महिन्यात केला. साठ सेंमीपर्यंत गेलो. गाव दरवर्षी गाळ काढते, त्यामुळे थर एकमेकांत मिसळलेले होते. सोडून दिला.

६ एप्रिल २०२५

मुलाखतींचे टाचण लिहिताना एक वाक्य महिनाभर माझ्या वहीत चुकीचे पडून होते. ऐंशी ओलांडलेल्या एका बाबांनी अहिराणीत सांगितले होते, "मन्हा बापनी रातनी पायी व्हती." मी मराठीत लिहिले की त्यांचे वडील रात्री पायी पाटावर जात. आज ध्वनिफीत दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा लक्षात आले की अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो, डोळ्याला डोया म्हणतात आणि शाळेला शाया. पायी म्हणजे पाळी. त्यांच्या वडिलांकडे रात्रीची पाण्याची पाळी होती. चालण्याची आठवण म्हणून मी जे बाजूला ठेवले होते, ती पाळीच्या वाटपाची साक्ष निघाली. त्यांच्या पुढच्या बोलण्यातून दिवसाची आणि रात्रीची पाळी कोणत्या घरांकडे होती हेही कळले आणि त्यातली तीन आडनावे हिशोबाच्या पानांत तशीच्या तशी आहेत.

घरी अहिराणी बोलणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना आता सगळ्या फिती पुन्हा ऐकायला दिल्या आहेत. हे काम आधीच त्यांच्याकडे जायला हवे होते. मोटारीच्या आवाजात घेतलेल्या दोन फिती तर कोणालाच लागत नाहीत. त्या परत घ्याव्या लागतील आणि त्यांतले एक बाबा आता आजारी आहेत.

३० एप्रिल २०२५

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी आल्या होत्या, निंबाला झोके बांधले होते, घरोघरी खापरावरच्या मांड्यांचा वास सुटला होता. आजवर आम्ही बावीस मुलाखती घेतल्या आणि त्या सगळ्या पुरुषांच्या होत्या. पाट पुरुषांचा, असे आम्ही न विचारताच धरून चाललो होतो. सहकारी बाई मात्र आज झोक्याजवळ आज्यांमध्ये बसल्या आणि आपल्या वेळी कोणत्या वावरात निंदायला जात, एवढेच विचारत राहिल्या. वावरांची नावे एकामागून एक येऊ लागली : चिंचेचे, भुताचे, लांबडे. मग एक आजी म्हणाल्या, "ते नं, सांडवानं वावर! आम्ही तठे निंदाले जाऊत."

बाईंनी मला हाक मारली. मी धावतच गेलो. ते वावर कोठे, असे विचारले तेव्हा आजींनी हात केला तो ६०० मीटरकडे नव्हता, मारुतीच्या पलीकडे होता. तेथे तर दुसरी आणि तिसरी चारी आहे, असे मी म्हणालो. त्यावर शेजारच्या दुसऱ्या आजींनी सांगितले की आज जिला पहिली चारी म्हणतात ती बहात्तरच्या दुष्काळात खोदली, त्या स्वतः त्या कामावर होत्या, पाटी वाहत होत्या. म्हणजे १७८० च्या कागदातली पहिली चारी ही आजची दुसरी, आणि कागदातली दुसरी ती आजची तिसरी. साडेतीन महिने मी बरोबर कागद घेऊन चुकीच्या जागी शोधत होतो.

रात्री वही काढली. ४७ वा टप्पा, नदीकडचा काठ, ३८ सेंमी.

४ मे २०२५

वावराच्या मालकांची परवानगी घेतली. खणायचे नाही, फक्त झुडपे आणि वरचा गाळ हाताने बाजूला करायचा, असे ठरवले, कारण खोदकाम हे आमचे शिक्षणही नाही आणि अधिकारही नाही. दोन मजूर आणि आम्ही दोघे. वेड्या बाभळीची मुळे काढायला दोन तास गेले. साडेदहाच्या सुमारास बाईंच्या हाताला सपाट दगड लागला.

तो घडीव काळा दगड आहे, वरची बाजू गुळगुळीत, कडेला पाण्याने झिजून गोलावलेली. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. दोन दगडांच्या सांध्यात चुन्याची पांढरट रेघ आहे आणि नखाने खरवडली तरी ती सुटत नाही. एकूण लांबी ३ मीटर ६० सेंमी भरली. लगेच नळी लावून पातळी घेतली. या दगडी उंबऱ्याचा माथा पाटाच्या तळापासून ४१ सेंमी वर आहे. म्हणजे पाटात त्याहून जास्त पाणी आले की ते आपोआप नदीला परत जाई, आणि खालचा पाट फुटायचा वाचे. पाटाच्या या भागात आज पाणी जास्त झाले की काठ खचतो आणि दरवर्षी मातीची पोती टाकावी लागतात. कारण समोर होते. सांडवा बुजला होता आणि पाणी आपली जुनी वाट मागत होते.

हाच दगड १७८०-८१ मध्ये बसवलेला, असे मी म्हणत नाही. जागा कागदाशी जुळते, वावराच्या नावाशी जुळते आणि उंचीशी जुळते. बांधकामाचे वय ठरवायला तज्ज्ञ लागतील. छायाचित्रे आणि मोजमापे घेऊन दगडांवर परत माती पसरली.

१८ मे २०२५

अवकाळी पावसाने काम अडले आहे, म्हणून खर्च जुळवला. पेट्रोल, २७ फेऱ्यांचे, ७,५६० रुपये. मोडी वाचनाचे मानधन ६,०००. मजुरी ४,०००. स्टॅंड व दिवे २,४००. कागद जपण्यासाठी आम्लमुक्त कागद आणि सुती कापड २,२००. ध्वनिमुद्रणाचा माइक १,८००. नळी व काठ्या १,१५०. नकाशांच्या नकला ९००. एकूण २६,०१० रुपये, सगळे दोघांच्या खिशातून. नकाशाच्या नकला मिळायला एका कार्यालयात पाच खेपा पडल्या, त्या वेळेचा हिशोब यात धरलेला नाही. वाया गेलेले दिवस मोजले तर एकवीस भरतात आणि त्यांतले अकरा एकट्या छायाचित्रांचे आणि विस्कटलेल्या क्रमाचे.

२ जून २०२५

तिन्ही रुमाल नव्या कापडात बांधून नानांच्या स्वाधीन केले. प्रत्येक पानाला वेगळ्या चिठ्ठीवर क्रमांक आहे. क्रम निश्चित नसलेल्या १०३ पानांची जुडी वेगळी ठेवली असून तिच्यावर तसे लिहिले आहे. फोटोंचा एक संच नानांच्या नातवाकडे आणि एक आमच्याकडे आहे. आजींना त्यांच्या मुलाखतीची फीत ऐकवली आणि ती ठेवू का असे आता तरी रीतसर विचारले. एप्रिलमधल्या मुलाखतींत आम्ही ते आधी विचारले नव्हते. त्यांनी हो म्हटले, फक्त एका सासूबाईंबद्दलचे वाक्य काढायला सांगितले, ते काढले.

पंच कमिटीतले दोघे दुपारी पाटावर आले. त्यांना उंबऱ्याची जागा आणि नळीने काढलेल्या पातळ्यांचा तक्ता दिला. सांडवा मोकळा करायचा की नाही हे त्यांनी आणि वावराच्या मालकांनी मिळून ठरवायचे आहे. मालकांचे म्हणणे असे की पाणी सोडले तर त्यांच्या बांधाची माती जाईल, आणि तेही खरे आहे. कमिटीने पावसाळ्यात ४७ व्या टप्प्याशी पाण्याची उंची रोज मोजायचे कबूल केले आहे. त्यासाठी लाल-पांढरी काठी आज दगडाच्या कडेला रोवली. दुसऱ्या रुमालातली ६१ पाने वाचायची बाकी आहेत.